दीड ग्रॅम

शंभर मिली चहाला दीड ग्रॅम,
दवाखान्यातल्या मुलीनं मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.
भराभर ढवळायचं, हात थांबला की गुठळ्या होतात.
मग दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं.
पेल्यातला चहा आधी गोल गोल पळतो,
मग आळसावतो,
मग चमच्याच्या मागे मागे येतो
शेंडेफळासारखा.

सोइची तोंड फिरवतो.
"पाणी दे," म्हणतो, "पाण्यासारखं पाणी."
झटका आल्यापासून त्याच्या घशाला
कुठलं दार केव्हा लावायचं ते आठवत नाही.
पातळ काही आलं की सरळ छातीत शिरतं,
पाहुणा चुकून शेजारच्या घरात शिरावा तसं.
शिंक आली की आमच्याकडे म्हणतात,
कुणीतरी तुझ्याबद्दल बोलतंय.
ठसक्याचं काय,
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

ह्या बुळबुळीला मी ओळखते.
साकाईच्या प्रयोगशाळेच्या तळघरात
एकोणतीस वर्षं चंबूंच्या बुडातून मी हिला घासून काढलं.
गोगलगाईची वाट, सर्दीचा शेंबूड,
रोज नवी उपमा सुचायची.
गरम पाण्यानं बाकी सगळं सुटे,
एक जात मात्र उकळत्या पाण्यात उलट थिजायची,
रबरासारखी, हट्टानं.
मी शिव्या द्यायचे.
वर ऐकू जातात हे फार उशिरा कळलं.

माती यायची पाकिटांतून.
साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं,
जिथे जाल तिथून चमचाभर आणा.
सोइची कंपनीची गाडी चालवायचा,
त्याच्या पाकिटांवर नुसतं गावाचं नाव नसे.
'पर्सिमनच्या झाडाखाली. काल पाऊस झाला होता.'
'शाळेचं मैदान, लोखंडी दांड्याजवळ, गवत उगवत नाही तिथे.'
'आईच्या थडग्यामागून. विचारून घेतली.'
रिकामी पाकिटं टाकून द्यायचा नियम होता.
एवढा एकच नियम मी मोडला.

एक्केचाळीस पाकिटं.
एकातूनही कामाचं काही निघालं नाही.
ज्या मातीतून निघालं ती एका हिशेबनिसाची,
तीही त्यानं आणलेली नव्हती,
बुटाला लागून आली होती.
हे मी सोइचीला कधी सांगितलं नाही.
आणि डब्यातली ही पूड तर त्या मातीतलीसुद्धा नाही,
कोबीची पानं काळी करणाऱ्या कुण्या जंतूची,
म्हणजे फार तर चुलत बहीण.
तो डब्याकडे बोट दाखवतो,
अर्ध्या ओठानं हसतो,
"माझी माती."
मी मान डोलावते.

तात्सुमीसान एकदा डबा खाता खाता म्हणाले होते,
ते आपल्यासाठी करत नाहीत हो हे.
माती सुकत आली की
साखरेचे लांब धागे काढतात,
अंगाभोवती गुंडाळतात, त्यात थोडी ओल बांधून ठेवतात.
कोरड पडू नये म्हणून, एवढंच.
मी म्हटलं, म्हणजे प्रवासाला निघताना
आई देते तशी पाण्याची बाटली.
ते हसले नाहीत.
मग पुढे कितीतरी दिवस
चंबू पालथा करताना माझा हात जरा अडायचा.
नंतर पुन्हा सवय झाली.

दोन मिनिटं झाली.
हनुवटी खाली. चमचा. थांब. गिळ.
कंठ वर चढतो, मध्येच थबकतो,
माझाही थबकतो,
आणि खाली येतो.
ठसका नाही.
पाच चमच्यांनंतर तो पुन्हा म्हणतो, पाणी.

उरलेला चहा मी गॅलरीतल्या कुंडीत ओतते.
माती तो लगेच पीत नाही.
वर तसाच राहतो, तपकिरी, चकाकत,
मग कडेनं जरासा खचतो.
मी वाकून बघते.
अजून आहे.